उषाताईंच्या फोनमधली गाणी

"रुकिए, रुकिए! वो बटन मत दबाइए!"

उत्तरेतल्या त्या शहरात, खासगी बाजार पेठेतल्या चिंचोळ्या मोबाइलच्या दुकानात सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. दुकानदाराचं बोट लॅपटॉपवर अधांतरी थांबलं. सीमंतिनीने दचकून मागे पाहिलं. काउंटरच्या टोकाशी एक उंच मुलगा उभा होता. राखाडी मफलर, बाहेरच्या धुक्याने पांढरा झालेला चष्मा, आणि आपण एवढ्या मोठ्यांदा ओरडलो याचंच आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा.

"भाईसाहब, आप अपना काँच लगवाइए ना," दुकानदार वैतागला. "मैडम का फोन रूट करना है. पाँच मिनट का काम है."

"पर मैडम को ये तो बताइए, कि लॉक खुलते ही अंदर का सब उड़ जाएगा."

सीमंतिनी काउंटरवर पुढे झुकली. "सब मतलब?"

"सब मतलब..." त्याने मफलरच्या टोकाने चष्मा पुसला आणि स्वतःशीच पुटपुटला, "अरे देवा, आता कसं सांगू हिला..."

"मराठीतच सांगा," ती म्हणाली. आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता तिने केबल उपटून फोन छातीशी धरला.

दुकानदार मागून काहीतरी बोलत राहिला. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. मागोमाग तोही आला.

"माफ करा हं. मध्येच बोललो मी."

"तुम्ही नसता बोललात तर?"

"तर फोन छान रूट झाला असता. रिकामा."

त्याचं नाव राघव. शहरातल्या हजिरा भागात राहायचा, बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरूनच अ‍ॅप बनवायचा. समोरच्या टपरीवर दोन चहा घेऊन ते उभे राहिले. सीमंतिनी अनोळखी माणसाशी सहसा दोन वाक्यांच्या पुढे जात नसे, पण त्या दिवशी सगळं घडाघडा बोलून गेली.

फोन तिच्या आईचा होता. उषाताई शहरातल्या लष्कर भागात मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. मुलींच्या पुस्तकातल्या कवितांना स्वतः चाली लावायच्या, आणि निवृत्त झाल्यावर फावल्या वेळी त्या सगळ्या चाली रियाजाच्या एका अ‍ॅपमध्ये गाऊन ठेवायच्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात हळूहळू थोडाफार सावरला. वाचा मात्र गेली. आता एकच शब्द उरला होता — "चला". पाणी हवं असलं तरी चला, राग आला तरी चला. डोक्यात सगळं लख्ख होतं, ओठांवर काही येत नव्हतं. वाचा शिकवायला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांच्याच आवाजातलं, त्यांच्याच चालीतलं काही ऐकवता आलं तर बघा. कधीकधी त्या वाटेने शब्द परत येतात. भरवसा नाही... पण कधीकधी.

"आणि अ‍ॅप?"

"कंपनीच बंद पडली. उघडलं की पासवर्ड मागतं, आणि पासवर्ड तपासायला पलीकडे कोणीच नाही. गाणी आतच आहेत ना? सांगा ना, आहेत ना?"

"आहेत," तो म्हणाला. "पण असं समजा, घर तुमचं आहे आणि एका खोलीची किल्ली त्या बंद पडलेल्या कंपनीकडे राहिली. रूट करणं म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या आपल्या हातात घेणं. ते सरळ मार्गाने करायला गेलं, तर फोन आधी स्वतःला पुसून टाकतो."

"आणि वाकड्या मार्गाने?"

राघव हसला. पहिल्यांदाच. त्याचे कान लाल झाले. "वाकडा मार्ग बघावा लागेल."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन आपोआप बंद झाला. दोघंही खाली बघत राहिले. काळा पडदा... तसाच. बऱ्याच वेळाने कंपनीचं चिन्ह उमटलं.

"असं होतं हल्ली," ती कशीबशी म्हणाली. "रोज थोडा जास्त वेळ लागतो."

राघवचं हसू मावळलं. "आतली चिप जायला आली आहे. आपल्याकडे फार वेळ नाही."

आपल्याकडे. घरी जाताना तो एकच शब्द तिच्या कानात घोळत राहिला.

मग तो येऊ लागला. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून. सोपा बॅकअप घ्यायचा प्रयत्न त्याने पहिल्याच दिवशी केला. अ‍ॅपने ते दार बंद ठेवलं होतं. मग तो आणि ती गच्चीवरच्या उन्हात उषाताईंच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसून परदेशातल्या कोणाकोणाच्या सल्ल्यांची पानं वाचत. या जुन्या मॉडेलमध्ये एक फट आहे, असं तिथे लिहिलं होतं. त्या फटीतून शिरलं तर काही न पुसता रूट करता येतं. कोणी लिहिलं होतं, झालं, धन्यवाद. कोणी लिहिलं होतं, फोन मेला.

"तुम्ही आधी केलाय असा फोन रूट?"

"कॉलेजात. हौस म्हणून. स्वतःचेच फोन."

"आणि?"

"काही वाचले. काही दाराखाली पाचर म्हणून ठेवायच्या कामाला आले."

ती खुदकन हसली. उषाताईही हसल्या आणि म्हणाल्या, "चला!" राघव त्यांच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "काकू, तुम्ही पण माझीच थट्टा करून राहिलात ना?" आणि सीमंतिनीच्या लक्षात आलं — इतक्या आठवड्यांत आईशी कोणी असं बोललंच नव्हतं. सगळे आईसमोर आईविषयी बोलत होते.

तिने मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता. मग दोघांनीही घाईघाईने लॅपटॉपकडे पाहिलं, जणू तिथे काही फार महत्त्वाचं चाललं होतं.

फोनची अवस्था मात्र बिघडत चालली. एका सकाळी तो जवळजवळ तासभर उठलाच नाही. त्या दुपारी राघव आला तो नेहमीसारखा बोलत नव्हता. त्याने बॅगेतून दोन फोन काढून सतरंजीवर ठेवले. अगदी उषाताईंच्या फोनसारखे.

"हजिऱ्यात जुन्या बाजारात शोधले. दोन्हींवर ती युक्ती करून पाहिली." त्याने एक फोन उचलला. "हा झाला." दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "हा गेला."

"म्हणजे... अर्धी आशा आहे."

"अर्धी भीती आहे, सीमंतिनी."

"करा तुम्ही."

तो केबल बोटांभोवती गुंडाळत राहिला.

"राघव, करा ना. वाट पाहिली तरी तो मरणारच आहे."

"मी नाही करणार."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"दुसऱ्या कोणाला तरी सांगा. दिल्लीला अशी दुकानं आहेत, चिप काढून बघतात..."

"तुम्हीच म्हणालात, या फोनमध्ये त्याचा भरवसा नाही! इतके दिवस तुम्हीच मला समजावत होता, आणि आज... आज एकदम घाबरलात?" तिचा आवाज चढला. "फोनला घाबरतोस तू?"

तो 'तू' तिच्या तोंडून कधी निसटला, तिलाही कळलं नाही. त्याला कळला. तो उठून कठड्यापाशी गेला. पलीकडे टेकडीवरचा किल्ला दूरच्या धुक्यातून अर्धाच दिसत होता.

"फोनला नाही," तो पाठमोराच म्हणाला. "उद्या तो माझ्या हातून मेला, तर तू माझ्याकडे ज्या नजरेने बघशील ना... त्याला घाबरतो. आत्ता बघतेस तशी मग बघणार नाहीस. मला माहीत आहे."

इतक्या रागातही सीमंतिनीच्या गालांवर ऊब चढली, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "म्हणजे माझ्या आईची गाणी जाऊ देत, पण तू—"

"चला!"

दोघंही वळले. उषाताईंनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली होती. चेहरा लाल झाला होता. त्यांनी डावा हात पुढे केला. फोन हवा होता.

राघव त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "चुकलो, काकू. फोन तुमचा, आणि विचारलं आम्ही एकमेकांना." तो सावकाश, एकेक वाक्य सोडून बोलू लागला. "यात तुमची गाणी आहेत. मी प्रयत्न केला तर ती मिळतील, किंवा फोन कायमचा बंद पडेल. मग गाणी गेली. सगळी. प्रयत्न नाही केला, तर काही दिवसांनी हा आपणहून बंद पडेल. करायचं नसेल तर फोन जवळच ठेवा. करायचं असेल तर मला द्या."

उषाताईंनी फोन उलटासुलटा केला. अंगठ्याने काचेवरची जुनी चीर चाचपली. आईच्या ओठांची हालचाल झाली, शब्द आला नाही. मग त्यांनी मान वर करून आधी मुलीकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे, आणि फोन त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली.

राघवने केबल जोडली. बोटं गारठली होती. त्याने ती दोनदा तोंडाच्या वाफेवर धरली. लॅपटॉपवर ओळी सरकू लागल्या. फोनचा पडदा एकदा लुकलुकला, स्थिर झाला. सीमंतिनी त्याच्या शेजारी एवढी सरकून बसली होती की तिची शाल त्याच्या कोपराला लागत होती. दोघांनाही त्याचं भान नव्हतं... किंवा होतं.

"आलो," तो कुजबुजला. "आत आलो. रूट झाला."

"गाणी?"

"दिसताहेत. सगळी आहेत, सीमंतिनी! कॉपी लावतो—"

पहिली फाइल लॅपटॉपवर उतरली. दुसरी सुरू झाली. आणि फोन बंद पडला.

राघवने बटण दाबून धरलं. सोडलं. पुन्हा दाबलं. बॅटरी काढून घातली. चिन्हही उमटेना. ऊन कठड्यावरून सरकून पलीकडे गेलं तरी तो प्रयत्न करतच होता, आणि शेवटी सीमंतिनीनेच त्याच्या हातावर हात ठेवला.

"पुरे."

"मी... एक आली आहे फक्त. एकच."

"लाव," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी दाटलं होतं, पण आवाज तिने स्थिर ठेवला होता.

आधी खरखर आली. मग तंबोऱ्याचा सूर आणि त्यावर उषाताईंचा आवाज, गोल, भरदार, पावसाच्या थेंबांची काही गंमत सांगणारी मुलांची कविता. चाल दोन ओळी चढली, तिसऱ्या ओळीवर वळणार, तोच मध्येच थांबली. "अगं सीमे! दूध! दूध बघ गं, गॅसवर आहे!" धावत्या पावलांचा आवाज. लांबून सीमंतिनीचं किंचाळणं, "आई, गेलं उतू!" आणि मग तोच भरदार आवाज, हसू दाबत, "गेलं? जाऊ दे." रेकॉर्डिंग संपलं.

एवढंच. आईच्या इतक्या चालींतून वाचलं होतं ते एक अर्धवट गाणं आणि उतू गेलेलं दूध. सीमंतिनीला हुंदका आवरेना. राघव खाली मान घालून बसला.

उषाताईंनी लॅपटॉपकडे बोट केलं. पुन्हा.

त्याने पुन्हा लावलं. त्या पुढे झुकून ऐकत होत्या. गाण्याबरोबर मान डोलली. दुधावर हसल्या. त्याने तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा त्यांचे ओठ आवाजाच्या मागोमाग हलायला लागले. रेकॉर्डिंग संपलं, आणि गच्चीवरच्या शांततेत त्या अडखळत, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारख्या म्हणाल्या,

"जा... जाऊ... दे."

सीमंतिनी खुर्चीजवळ सरकली. "आई? काय म्हणालीस?"

"जाऊ दे," उषाताई म्हणाल्या, या वेळी जरा ठसक्यात, आणि डाव्या हाताने राघवच्या पाठीवर थोपटलं. "जाऊ दे."

सीमंतिनीने आईच्या मांडीत डोकं खुपसलं. रडत होती की हसत होती, कोण सांगणार. जरा वेळाने तिने मान वर केली तेव्हा सतरंजीवर लॅपटॉप तसाच उघडा होता, आणि राघव नव्हता.

ती अनवाणीच जिना उतरली. गल्लीत तो स्कूटरला किल्ली लावत होता.

"लॅपटॉप विसरलास."

"ठेव. काकूंना ऐकायला लागेल. दुसरा आहे माझ्याकडे." तो तिच्याकडे बघत नव्हता. "बाकीची गाणी माझ्यामुळे गेली, सीमंतिनी. तू कितीही समजूतदारपणे वागलीस तरी ते बदलणार नाही."

"हो, गेली," ती म्हणाली. "मला त्याचं वाईट वाटतंय. रात्री रडेनही. खोटं कशाला बोलू?" ती स्कूटरसमोर येऊन उभी राहिली. "पण आधी माझ्याकडे बघ. तू ज्याला घाबरत होतास ना, ती नजर... आहे का?"

त्याने हळूच मान वर केली. गल्लीतून एक भाजीवाला गाडी ढकलत गेला, तिला वळसा घालून, "हटो बिटिया" म्हणत. ती हलली नाही. राघवही नाही.

"नाही आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग उद्या ये."

"आता फोन तर मेला. दुरुस्त करायला काहीच उरलं नाही. कशासाठी येऊ?"

"अरे यार, इतना पढ़-लिख के भी..." तिने कपाळावर हात मारला. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "माझ्यासाठी ये, राघव. मला तू आवडतोस. आता हे आणखी सोपं करून नाही सांगता येणार मला."

राघवने स्कूटरची किल्ली काढली, खिशात टाकली.

"उद्यापर्यंत कोण थांबणार," तो म्हणाला, आणि तिच्या मागोमाग जिना चढू लागला.