बंद गिरणीची हजेरी

सोलापूरच्या पूर्वभागात आता माग आपले आपणच विणत होते; माणूस लागे तो फक्त चादर पांघरायला. अशा बेकार वस्त्यांसाठी सरकारने ‘भार-नकाशा’ केला होता. बेकारी, महागाई, आजारपण अशी सगळी हलाखी यंत्रात घातली, की कुठल्या वस्तीत वर्षभरात किती जण जीव देतील, हे ते सांगे. अंदाज सहसा चुकत नसे. सतरा नंबरची वस्ती मात्र यंत्राच्या नाकावर टिच्चून जगत होती. हलाखी शेजारच्या अठरा नंबरइतकीच. तिथे गेल्या वर्षी अकरा जण गेले. इथे आठ वर्षांत एकही नाही.

नकाशा बनवणाऱ्या डॉ. ऋजुता सबनीस यांना हे काही स्वस्थ बसू देईना. त्या वस्तीतच राहायला आल्या. पाणी तपासलं, लोकांची झोप मोजली, हाती भोपळा. उत्तर सापडलं ते बंद गिरणीच्या फाटकाशी, सकाळी सात वाजता. एके काळी गिरणीत मुकादम, म्हणजे जॉबर असलेले म्हातारे नरसय्या गड्डम हजेरीचं जुनं मस्टर उघडून नावं पुकारत होते आणि काम नसलेली माणसं ‘हजर!’ म्हणत होती.

“कुणी आलं नाही तर?” ऋजुतांनी विचारलं.

“त्याचा जोडीवाला, म्हंजे शेजारच्या मागावरचा, त्याच्या दारात जातो. माणूस घेऊन येतो, न्हाईतर कारण. मोकळ्या हातानं आला तर मी शिव्या घालतो.”

ऋजुता हरखल्या. हलाखी सगळीकडे सारखीच होती, पण इथे ती माणसाला एकटं गाठू शकत नव्हती! हे सगळ्या वस्त्यांना मिळायला हवं. त्यांनी ‘हजेरीपट्टी’ तयार केली. ती मनगटावर बांधायची. नाडी आणि झोप बघून ती हिरवा दिवा लावी. लाल लागला, तरच जोडीवाल्याने धावायचं. पहिला मान अर्थात सतरा नंबरचा.

“तुमची पायपीट वाचेल,” त्या म्हणाल्या. नरसय्यांनी कौतुकाने पट्टी बांधून घेतली.

पट्टी झकास चालली. फाटकाशी पन्नास जण यायचे, ते वीस झाले, मग पाच. “हिरवं हाय की! जायचं कशाला?” जोडीवाले म्हणत. ऋजुतांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ऋजुता फाटकाशी गेल्या, तर तिथे कुणीच नव्हतं, नरसय्यासुद्धा. ऋजुतांच्या फोनच्या पडद्यावर त्यांचा दिवा हिरवागार. तरी त्या नरसय्यांच्या घरी गेल्या. दार बऱ्याच वेळाने किलकिलं झालं. दाढी वाढलेली, घरात चूल थंड.

“पाच दिवस झालं, मी फाटकाशी गेलो न्हाई,” ते म्हणाले. “कुणी आलं न्हाई. बाई, पट्टी काय म्हणती?”

“तुम्ही ठीक आहात म्हणते.”

नरसय्यांनी मनगटाकडे पाहिलं. “मग माझंच काय तरी चुकत असंल,” असं म्हणून ते दार लावू लागले.

ऋजुतांनी फटीत हात घातला. “नरसय्या गड्डम!” त्यांनी मस्टरातल्यासारखं नाव पुकारलं.

उत्तर यायला फार वेळ लागला. “हजर.”