थंडीतली क्रीम, श्रावणातला चेहरा

श्रावण लागला होता, पण बारा दिवसांपासून पावसानं दडी मारलेली. जळगाव जामोदवर आभाळ नुसतं गच्च भरून उभं होतं. वारा नाही, थेंब नाही... सातपुडासुद्धा घामेजून धुरकट बसलेला. अशा दुपारी शंकररावांच्या मेडिकलकडे कुत्रंही फिरकत नसे. ते जेवून घरी आडवे व्हायचे, आणि त्यांची लेक आरोही, डी.फार्म. होऊन दोन वर्षं झालेली, पंख्याखाली एकटीच दुकान सांभाळायची.

त्या शुक्रवारी एक मोटारसायकल थांबली आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळलेला एक जण काउंटरपाशी आला. आता आमच्याकडे यात नवल ते काय! उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत दुपट्टा बांधायची जी सवय लागते, ती पोळा आला तरी सुटत नाही. पण सावलीत आल्यावर माणूस तो सोडतो. यानं सोडला नाही. नुसते दोन डोळे दिसत होते – तपकिरी, थकलेले आणि भलतेच लाजरे. आरोहीनं त्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग उगाच समोरचं पेन सरळ करून ठेवलं.

"तोंडाले लावाची एखादी क्रीम पायजे," तो हळूच म्हणाला. "पुटकुळ्या आल्या."

"बघू."

"न पाहता नाही देता येत?"

"न पाहता दिलेली क्रीम आणि न पाहता जमवलेलं लग्न... दोन्हीचा भरवसा नसतो."

डोळे एकदम हसले. का हसले, ते तिला त्या वेळी कळलं नाही. त्यानं सावकाश दुपट्टा सोडला. गव्हाळ रंग, सरळ नाक, आणि दोन्ही गालांवरून हनुवटीखालपर्यंत उठलेलं लालभडक पुरळ. तो तिच्या चेहऱ्याकडे असा टक लावून पाहत राहिला, जसा काही निकाल ऐकायला आलाय. तिनं शांतपणे विचारलं, रोज तोंडाला काय काय लावता?

मग सगळी हकीकत बाहेर आली. नाव गोकुळ. शेती करतो. पुढच्या रविवारी धामणगाव बढ्याला पोरगी पाहायला जायचंय. तीन ठिकाणांहून आधीच नकार आलेले, शेतकरी नवरा कोणालाच नको म्हणून. तेव्हा या खेपेला निदान तोंड तरी उजळावं, असं त्याच्या आईनं, शालूबाईंनी मनावर घेतलेलं. सकाळी दुधाची साय आणि हळद, रात्री खोबरेल तेल, त्यावर हिवाळ्यातली उरलेली घट्ट क्रीम. आणि दिवसभर शेतात, गाडीवर, तोंडाला दुपट्टा करकचून बांधलेला.

आरोहीनं कपाळावर हात मारला. आतल्या आत चेहरा उकडून काढलाय तुम्ही, म्हणाली. कोरड्या हवेत जी क्रीम औषध, तीच या उमसेत विष. घामावर तेल, तेलावर साय, वरून फडकं, कातडीनं श्वास घ्यायचा कुठून? मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं. साय-हळद-तेल बंद. अंगाचा साबण तोंडाला नाही. सकाळ-संध्याकाळ साध्या फेसवॉशनं धुवायचं, घासायचं नाही, टिपून घ्यायचं. मग हे पाण्यासारखं हलकं जेल, वाटाण्याएवढंच. बाहेर पडताना हे सनस्क्रीन. दुपट्टे दोन ठेवायचे, सुती, रोज धुतलेले, आणि सावली आली की सोडायचे.

"आणि रोज येऊन दाखवून जायचं," ती म्हणाली. हे मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. तिचं तिलाच नवल वाटलं.

तो रोज आला. दुपारी, शंकरराव घोरत असताना. आल्या आल्या दुपट्टा सोडून काउंटरवर ठेवायचा, धुतल्याची खात्री करून घ्या म्हणून. एक दिवस पांढरा, एक दिवस निळा. दुपट्ट्याला साबणाचा वास यायचा, आणि तो वास तो गेल्यावरही बराच वेळ दुकानात रेंगाळायचा. ती खिडकीच्या उजेडात त्याचा चेहरा पाहायची... गालावरचं पुरळ पाहता पाहता नजर डोळ्यांत जायची, आणि दोघंही एकदम दुसरीकडे बघायचे. तो संत्र्याच्या बागेबद्दल सांगायचा, हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या आंब्या बहाराच्या फळांना आता पाऊस किती लागतो ते सांगायचा. ती ऐकायची. शेतीबद्दल इतकं ऐकण्याजोगं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पुरळ उतरत चाललं, तसतशी आरोहीची झोप उडत चालली. दुसरीला दाखवायला आपण याला सजवतोय! कुणी सांगितले होते हे नसते उद्योग?

गुरुवारी जेलची छोटी ट्यूब संपली. तो म्हणाला, शेवटच्या तीन दिवसांसाठी द्या. फळीवर जेलच्या शेजारीच ती हिवाळ्याची घट्ट क्रीम होती. दिसायला दोन्ही ट्यूब सारख्याच. तिचा हात क्रीमवर गेला... आणि तिथंच थांबला. रविवारपर्यंत गाल पुन्हा लाल झाले असते. धामणगावचा नकार पक्का. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं जेल काढून दिलं आणि त्या दिवशी त्याच्याकडे वर पाहिलंच नाही.

शनिवारी तो आला तेव्हा चेहरा नितळ झाला होता. नदीचं गढूळ पाणी निवळावं, तसा.

"कसा दिसतो?" त्यानं विचारलं.

"चांगले दिसता. नाही म्हणणार नाही ती."

"दिसण्यावरून थोडीच म्हणतात 'नाही'! तिसरा नकार तं फोटो न पाहताच आलता." तो थांबला. "तुमच्या घरून."

आरोहीला आठवलं. वैशाखात आईच्या मोबाइलवर आलेले ते बायोडाटे... एकात 'व्यवसाय – शेती' एवढं वाचून तिनं मोबाइल परत दिला होता. फोटो उघडलासुद्धा नव्हता.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हाव. तुमचा फोटो पाह्यलता मी. तुम्ही ओळखान म्हणून दुपट्टा सोडत नव्हतो. सोडला, तं तुमाले काहीच ओळख नाही; तवा समजलं, फोटोच पाह्यला नाही. लय राग आला. दुसऱ्या दिवशी तेच बोलाले आलतो... तुम्ही दुपट्टा धुतला का म्हणून इचारलं अन् राहून गेलं."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं दुपट्टा उचलला, येतो म्हणाला, पायरीपर्यंत गेला. आता गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसावं लागेल, हे तिला लख्ख कळलं.

"गोकुळ," ती म्हणाली. "शेतकरी नको, हे बाबांनी नाही, मीच म्हटलं होतं. चुकलं माझं. उद्या धामणगावला... नका जाऊ."

तो वळला. मग त्यानं मोबाइल काढला आणि आधी आईला, मग धामणगावला फोन लावला. आम्ही येत नाही, तुमच्या लेकीत काही कमी नाही, माझंच मन दुसरीकडे आहे, उगाच तयारीत राहू नका, माफ करा. सगळं सरळ सांगून टाकलं. समोरचा माणूस चिडला असावा. गोकुळनं तेही मुकाट्यानं ऐकून घेतलं.

फोन ठेवून तो काउंटरशी आला. कानांपर्यंत लाल झाला होता, आणि या वेळी त्यावर औषध नव्हतं.

"आता पोरगी पाहाचं राह्यलं की माह्यं," तो म्हणाला.

"आठ दिवस काय करत होता मग?" ती म्हणाली. "पाहून झालीय. पसंत आहे का, तेवढं सांगा."

"मले तं तुम्ही वैशाखातच पसंत व्हत्या," गोकुळ म्हणाला.