तुळसाचा मामा

कंदील जरा इकडे सरकव. विडी पेटवतो आणि सांगतो. घाबरवायला सांगत नाहीये. माझी भाची तुळसा येत्या शुक्रवारी बोहल्यावर उभी राहतेय, मी तिचा सख्खा मामा, आणि आज माझ्याइतका सुखी माणूस अख्ख्या पोलादपुरात सापडायचा नाही. फक्त ही एक गोष्ट सतरा वर्षं पोटात ठेवलीय, ती तुझ्याजवळ बोलून मोकळा होतो.

एकावन्न साल. मी मुंबईला गोदीत होतो. सहदेव भावजींचं पत्र आलं. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मैनाचा नवरा. पत्रात दोनच ओळी, 'मुलगी झाली, दूध ओढत नाही. मामाने ताबडतोब यावे.' मैनाची आधीची दोन लेकरं अशीच दूध सोडून बाराव्या दिवसाच्या आत गेली होती. हे तिसरं गेलं असतं तर मैनाही राहिली नसती. मी त्याच रात्री एस्टी धरली.

मला का बोलावलं ते कळलं होतं. आमच्या वाडीच्या वर, डोंगराच्या सोंडेत नेढं आहे. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. पण हे भोक कसलं, बैलगाडी जाईल एवढी कमान आहे. तिच्या बुडाशी आडवी भेग, दीड हात रुंद, खाली किती खोल ते देवाला ठाऊक. आमच्याकडे चाल अशी, की जगत नसलेलं मूल बापानं उजाडायच्या आत त्या भेगेवरून पलीकडे द्यायचं आणि मामानं घ्यायचं. घेणाऱ्यानंच तिथं मोठ्यानं नाव ठेवायचं. मग ते मूल डोंगरातून नव्यानं जन्मलं असं धरतात. बाप समोरच्या पायवाटेनं येतो. मामानं मात्र मागच्या घळीतून, कातळातल्या फटींतून, रात्रभर एकट्यानं चढायचं. दिवा न्यायचा नाही.

मी तेव्हा पंचविशीतला, चार बुकं शिकलेला, असल्या गोष्टींना हसणारा. म्हटलं, "भावजी, महाडला डाक्टर हाय ना?"

"दोन येळा नेलं," भावजी म्हणाले. "आता तुझं काम."

मैना दाराशी पोरीला घेऊन बसली होती. रडत नव्हती. मला एवढंच म्हणाली, "रावज्या, नीट धर हां तिला." मग माझं हसणं कुठल्या कुठे गेलं.

कार्तिक होता. चांदणं नव्हतं. घळीत शिरलो तसा गाव, कुत्री, सगळं मागे तुटलं. दोन्ही बाजूंना कातळ, वर ताऱ्यांची चिंचोळी पट्टी. शेवाळाचा आणि वटवाघळांचा वास. हात लावावा तिथं गार ओल. पण खरं सांगू, मला बरं वाटत होतं. लहानपणी याच फटींतून शेळ्यांच्या मागे धावलो होतो. कुठला दगड हलतो, कुठं पाय अडकवायचा, सगळं पायांना आठवत होतं. चढता चढता पोरीचं नावही ठरवून टाकलं, नलिनी. मुंबईत आमच्या चाळीत एक नलिनी होती. मैनाला आवडलं असतं.

नेढ्याखालची शेवटची फट सगळ्यांत अरुंद. तिथं आडवं होऊन सरकावं लागतं. सरकलो... आणि अडकलो. हसू नकोस. खानावळीच्या जेवणानं पोट सुटलं होतं माझं. छाती पुढच्या कातळाला, पाठ मागच्या. पुढे जाईना, मागे येईना. श्वास अर्धाच आत जात होता. वर दहा पावलांवर नेढ्याची कमान दिसत होती, तिच्यात एक तारा.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पोरीचं रडणं ऐकू आलं. बारीक, थकलेलं. भावजी पोचले होते.

"रावजी... आलास काय रे?"

मला ओरडायचं होतं. पण छातीत वाराच नव्हता, नुसतं 'ह' आलं. आणि तेवढ्यात वरून उत्तर आलं.

"आलोय. द्या."

आवाज माझा होता. गोदीत ओरडून ओरडून घोगरा झालेला, माझाच. भावजी, देऊ नका... मनात नुसतं तेच. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"धरलंस?"

"धरली. सोडा."

पोरीचं रडणं थांबलं. अगदी थांबलं. मग तोच आवाज, शांतपणे, नाव ठेवल्यासारखा म्हणाला, "तुळसा."

त्यानंतर फट सैल झाली. मी श्वास सोडला म्हणून असेल. खांदे सोलून घेत वर आलो तर कमानीत माझ्या बाजूला कुणी नाही. सपाट कातळावर गोधडीत पोरगी ठेवलेली. जागी होती. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या वर बघत होती. मी वळलो नाही. तिला उचललं, पोटाशी धरलं. भेगेपलीकडे भावजी डोळे पुसत उभे होते.

"झकास नाव ठेवलंस रे," ते म्हणाले.

मी काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर मैना जन्मभर पोरीकडे बघून कापत राहिली असती. मी 'हो' म्हटलं. उन्हं यायच्या आत पोरगी दूध ओढायला लागली. त्या दिवशी मैना जी हसली, त्या हसण्यासाठी मी आणखी दहादा खोटं बोललो असतो.

तेव्हापासून तुळसाला साधा तापही नाही. भात लावण्यात वाडीत तिचा हात कुणी धरत नाही. गेल्या मंगळवारी अष्टपुत्री घेऊन तिच्याकडे गेलो. नवरीला बोहल्यावर नेसायची पिवळी साडी, ती मामाची असते. तुळसानं पुडकं उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मामा, दोन कशाला रे? परवा तिन्हीसांजेला मागच्या दारी येऊन दिलीस की."

"इसरतोय तो. म्हातारा झाला," मैना चुलीपुढून हसली. "मी हाक मारली, जेवून जा म्हटलं, तर थांबला पण नाय."

ती म्हणत होती त्या दिवशी मी मुंबईत होतो. तुळसानं ती पहिली साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पिवळीधमक, जाड सुताची. घरात चूल पेटलेली असून ती गार लागत होती.

"मी काय बोललो गो तेव्हा?" मी विचारलं.

"इसरलास?" ती म्हणाली. "बोहल्यावर तुझ्या पाठीशी मी उभा हाय, भिऊ नको, म्हणालास."

"मग बरोबर बोललो," मी म्हटलं. मैनानं पान वाढलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या, तुळसाशी चेष्टामस्करी केली. तिच्या तोंडावरचं तेज बघून पोट भरलं.

शुक्रवारी मी जाणार. पोरगी जगली, यातच सगळं आलं. पाठीशी जागा मिळाली नाही, तर बाजूला उभा राहीन.