पाहुणीचं पाणी

शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबादच होतं. जालना रोडला उंच उंच इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही रुसलेल्या जावयासारखं, यायचं. पाऊस मागच्या वर्षीसारखाच यंदाही तोंड फिरवून गेला होता. असल्या दिवसांत योगिनीनं ब्लॉग सुरू केला. इंग्रजीतून, परदेशी पाहुण्यांसाठी. रिक्षाचं भाडं कसं ठरवावं, वेरूळची लेणी कुठल्या वेळी गाठावी, देवळात चपला कुठं काढाव्यात. आपला देश दुसऱ्याला दाखवायचा तर आधी आपण पाहिला पाहिजे, हे तिच्या ध्यानात जरा उशिराच आलं. तिचा बाप आदिनाथ मेंढरं विकून शहरात वॉचमन झाला, त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तिनं खेड्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपण धनगराच्या, हे कॉलेजातही कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून महाशिवरात्रीच्या सुमाराला एका दुपारी ती स्कूटी घेऊन वेरूळच्या पुढं, डोंगराच्या अंगानं गेली. आडबाजूला दोन-चार घरांची वस्ती होती. पहिल्याच घरात साळूबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. फोटो काढू का, असं योगिनीनं विचारलं, तर तिनं आधी घोंगडी अंथरली. मग गावाकडं सगळेच विचारतात ते विचारलं, "कुणाची गं तू?" योगिनी म्हणाली, शहरातली. म्हातारीनं तिच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, पण पुन्हा काही विचारलं नाही. आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

पाणी टँकरचं होतं, गढूळ. योगिनीनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला आणि म्हातारी गुळाचा खडा आणायला आत वळली तशी घरामागं बाभळीच्या बुंध्याशी ओतून टाकला. निघताना रीतीप्रमाणं "येते आजी" म्हणाली. आपल्यात कुणी जाते म्हणत नाही.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण जनाची नाही, तशी तिला मनाचीही लाज राहिली नाही. घरी येऊन तिनं साळूबाईच्या फोटोखाली वस्तीची वाट दिली आणि पाहुण्यांना सल्ला लिहिला. खेड्यात पाणी दिलं तर नाही म्हणू नका, दोन्ही हातांनी घ्या, ओठांना लावा, गिळू नका, आणि यजमानाची पाठ वळली की ओतून द्या; या लोकांना कळतही नाही. 'या लोकांना' असंच लिहिलं. त्या मजकुरावर कौतुकाचा पूर आला, आणि तिला बरं वाटलं.

होळीनंतर वाचकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. हॉलंडच्या एका जोडप्यानं लिहिलं, तुमची म्हातारी सापडली, फार गोड बाई, पाणी दिलं, आम्ही तुम्ही सांगितलं तसंच केलं. एका जर्मन बाईनं लिहिलं, ती सारखं काहीतरी विचारते, आम्हांला समजत नाही. मग बेल्जियमच्या एका शिक्षकानं तिचं बोलणं मोबाइलवर टिपून पाठवलं आणि अर्थ विचारला.

योगिनीनं ते कानाला लावलं. आधी नुसता वारा, मग बांगडीचा आवाज, मग अगदी जवळून...

"पेली नाय ती... येते म्हनली व्हती... आली नाय अजून. तुमी तिच्यातलेच का?"

योगिनीनं ते पुन्हा ऐकलं. तिनं शिक्षकाला कळवलं की म्हातारी तुम्हांला सुखरूप प्रवासाचा आशीर्वाद देते आहे. त्यानं आभार मानले. ते आभार वाचून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सल्ला पुसून टाकला, फोटो काढून टाकला, तरी रात्री डोळा लागला नाही. आपण एकदा जाऊन ते पाणी प्यायचं आणि माफी मागायची, एवढंच तिच्या मनानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाखराचा आवाज नव्हता. साळूबाईच्या दाराला कुलूप होतं, आणि चहूकडं जमीन भेगाळलेली असताना तिथं मात्र ओल्या मातीचा वास येत होता. समोरच्या लिंबाखाली केरबा नावाचा म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. साळूबाई कुठं गेली, असं तिनं विचारलं.

"गेली की. होळीच्या आधीच गेली," केरबा म्हणाला. मग सावकाश सांगायला लागला. शहरातली एक पोरगी आली होती. म्हातारीनं आपल्या वाटणीच्या हंड्यातलं पाणी तिला दिलं. नंतर मागं गेली तर बाभळीखाली चिखल. कुणाला काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून पाणी तोंडाला लावीना. "आमी लई समजावलं. म्हनायची, पाहुनी तहानेली गेली, ती येते म्हनलीय. ती पेली की मंग म्या पेते. तशीच वाळून गेली बघा, ताई."

ती पोरगी मीच, हे योगिनीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. मग ते गोरे लोक येतात ते कुणाकडं, एवढंच तिनं विचारलं.

केरबानं आवाज खाली आणला. "कुलपाकडं बघून हसत्यात. हात पुढं करत्यात, त्वांडापाशी नेत्यात... मंग मागं वळून वतत्यात. हातात काय बी नसतं, ताई. पर भुई वली व्हती. शेरडं तहानंनं मेली तरी तितं त्वांड लावत नाईत."

योगिनी दारापाशी गेली. भीतीपेक्षा न पिता परत फिरायची लाज तिला जास्त वाटत होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "आले मी... तुम्ही विचारलं होतं ना, कुणाची म्हणून? आदिनाथ धनगराची लेक आहे मी."

तिनं दोन्ही हात पुढं केले. हातांवर वजन आलं. गार पितळेचं वजन. तिनं डोळे मिटले आणि प्यायला लागली. टँकरच्या गंजाची, मातीची चव होती. एक घोटही तिनं सोडला नाही. घशातून पाणी उतरताना तिला ऐकू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फिटलं, असं तिला वाटलं. रिकामे हात तिनं कपाळाला लावले.

मागं केरबा केव्हाचा येऊन उभा होता.

"ताई..." तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी बी वतलंच की."

तिनं खाली पाहिलं. चपला चिखलात रुतल्या होत्या. घसा कोरडा ठाक होता. आणि कुलूप लावलेल्या घरात कुणीतरी हंडा कलता करून त्याच्या तळाशी तांब्या घासत होतं.