लिवियाचं ताट

मी थापाड्या आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण ही थाप नाही. कुका आत्याच्या तोंडून ऐकलंय, आणि तिला थापा मारता येत नाहीत.

१९०३ साल. मेक्सिको शहर. मृतांच्या सणाची संध्याकाळ, मेलेले घरी जेवायला येतात ती.

आत्याचा नवरा एवारिस्तो मासिकांत कथा लिहायचा. दर कथेत एकच बाई... लिविया. मेणासारखी गोरी, लाल केसांची, थंडगार हातांची. कधी पुरुषांचं रक्त प्यायची, कधी खोकून खोकून मरायची. जेवायची मात्र कधीच नाही.

आत्या जळून खाक व्हायची.

"माझ्यावर एक ओळ तरी लिहिलीस का रे?"

"तू लसूण सोलतेस, कुका. तुझ्यावर काय लिहू?"

त्या दिवशी त्याने लिवियाला पुन्हा मारलं, आणि स्वतःच रडत बसला. सख्खी आई गेली तेव्हा रडला नव्हता!

आत्याने सासूच्या फोटोपुढे ताट वाढलं. दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. मग मासिकातलं लिवियाचं चित्र कापलं, आणि तिच्यापुढेही ताट वाढलं.

"हे काय गं?"

"मेली ना तुझी लाडकी? मग जेवू दे की बयेला एकदाची!"

दोघं हसले.

आणि...

बंद दारापाशी एक पाकळी दबली.

मग दुसरी.

एवारिस्तोने घाईघाईने केस सारखे केले. "लिविया?"

इतका मऊ आवाज! आत्याच्या काळजात सुरी फिरली.

पाकळ्या त्याच्यापर्यंत दबत आल्या...

आणि त्याला वळसा घालून ताटाकडे गेल्या.

मचमच... मचमच...

अन्न जागेवरच होतं. आत्याने टमालेचा, मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाचा, तुकडा चाखला. चवच नाही! मेलेले चवच तेवढी खातात.

तिच्या मनगटावर एक थंड हात आला.

"अजून वाढ..."

आत्या वाढत राहिली. "अगं, माझ्याशी बोल! मी लिहिलंय तुला!" एवारिस्तो ओरडत होता.

मचमच चालूच राहिली.

सण संपला की मेलेले आपापल्या थडग्यात परततात. लिवियाला थडगं कुठलं?

याला सात वर्षं झाली, पण आत्याकडे आजही तिसरं ताट असतं. आता जळतो तो एवारिस्तो.

गेल्या रविवारी मी गंमत म्हणून त्या ताटातला टमाले उचलला.

शेजारची खुर्ची सरकली...

मी तो गुपचूप परत ठेवला. आणि माझं ताटही तिकडे सरकवलं.