तहानलेली मेढ

ऊन नुकतंच वर आलं होतं, आणि खरातवाडीच्या गायरानातले सगळे खांब एका सुरात गुणगुणून अर्धा-अर्धा आटा सैल झाले. वृंदा कारंडेने हातातला चहाचा पेला जीपच्या बॉनेटवर आदळला.

"झालं यांचं सुरू!"

आभाळ कोरडं ठणठणीत, पायाखालची काळी माती भेगाळलेली, आणि फोनवर मात्र ठळक अक्षरांत निरोप : जमीन ओली आहे, खांब सैल केले आहेत. फिरकीयंत्र चालवणाऱ्या दिगंबरने जवळचा खांब हलवून पाहिला.

"दुधाच्या दातासारखा हलतोय, मॅडम."

"दिसतंय मला!"

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि या ओढाताणीत रोवलेला खांब हळूहळू वर फेकला जातो. त्यावर तोडगा म्हणून वृंदाने हे आटेदार खांब घडवले होते. खड्डा नको, सिमेंट नको. फिरकीयंत्राने स्क्रूसारखा पोलादी खांब जमिनीत पिळत न्यायचा आणि वर सौरपट्ट्या बसवायच्या. प्रत्येक खांबाच्या डोक्यात एक छोटी मोटर. माती ओली झाली की खांबाने स्वतः सैल व्हायचं, वाळली की आवळून घ्यायचं. ओल मोजण्याची सोय फक्त पहिल्या खांबात होती. त्याला जे जाणवेल ते बाकीच्यांनी मानायचं. मजूर त्याला थोरला म्हणत. शिवाय वृंदाने सगळ्यांना अंदाजबुद्धी दिली होती. मागच्या अनुभवावरून पुढची ओल आधीच ओळखायची. या करामतीचा तिला भारी अभिमान होता.

गावाने गायरान दिलं ते एकाच अटीवर : इथे सिमेंट पडता कामा नये. पट्ट्यांखाली मेंढरं चरतील, आणि पट्ट्यांचं आयुष्य संपलं की खांब उलटे पिळून काढायचे, गवत पुन्हा गावाचं. भर ग्रामसभेत वृंदाने तसा शब्द दिला होता. आता हे शहाणे खांब रोज सकाळी सैल होत आणि दुपारी आवळत, त्यामुळे भोकं रुंदावत चालली होती. परवा तपासणी होती. खांब हलले तर तळाशी काँक्रीट ओतायचं, असं वरून ठरलेलं होतं.

तिने पुण्याच्या ऑफिसला फोन लावला.

"सेन्सर खोटं बोलत नाही मॅडम," तिकडून सौमित्र शांतपणे म्हणाला. "तो ओल आहे म्हणतो, म्हणजे ओल आहे."

"अरे, इथे घशाला कोरड पडलीये!"

"मग दंव असेल."

दंवावर तिने त्याला जे ऐकवलं ते दिगंबरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवसभर तिने तारा बदलल्या, प्रणाली बंद करून पुन्हा चालू केली, दिगंबरवर उगीचच डाफरली. शेवटी वैतागून ठरवलं, उद्या उजाडायच्या आत थोरल्यापाशीच जाऊन बसायचं.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा ओढ्याकडून अनसाबाई हुलवान आल्या. या गायरानावर सगळ्यात जास्त मेंढरं त्यांचीच. हातात तांब्या. त्यांनी थोरल्याला हळद-कुंकू लावलं, तांब्याभर पाणी बुडाशी ओतलं आणि हात जोडले. थोड्या वेळाने थोरला गुणगुणला. मागोमाग ओळीच्या ओळी गुणगुणल्या.

"अनसाबाई! अहो, हे काय करताय?"

"मेढीला पानी घालतीया. हिच्याम्होरं तुमीच न्हाई का नारळ फोडला?"

फोडला होता. पहिला खांब म्हणजे कामाची मुहूर्तमेढ, म्हणून वृंदाने हौसेने फोटोही काढून घेतला होता.

"पण रोज?"

"रोजच की! काम तडीला जाईस्तोवर मेढ तहानलेली ठिवत न्हाईत आमच्यात. तुमी नारळ फोडून मोकळ्या झाला. मग कुनी बघायचं? गुडघं दुकत्यात माजं, तरी येतीया."

हसावं की रडावं, वृंदाला कळेना. सेन्सर खरंच खोटं बोलत नव्हता. सौमित्रला हे सांगावं लागणार, याचाच तिला जास्त संताप आला. पण तिने जमिनीवर बसून अनसाबाईंना सगळं समजावलं. सिमेंटचं नाव निघताच बाईंच्या ध्यानात आलं.

"मग माज्या दारात बाभळीची मेढ रोवते. तिला पाजते. हिला न्हाई."

पुढच्या सकाळी तपासणीसाठी पाटणकर साहेब आले. मागे रस्त्यावर काँक्रीटची गाडी फिरतं पिंप घेऊन उभीच होती. निकाल जणू लागलाच होता. पण वृंदा निश्चिंत होती. थोरल्याच्या बुडाशी माती खडखडीत कोरडी होती.

ऊन वर आलं. सगळे खांब गुणगुणले आणि अर्धा आटा सैल झाले.

साहेबांनी एका खांबाला हात लावला. तो हलला.

"हे काय?"

वृंदाला कळायला वेळ लागला नाही. अंदाजबुद्धी! रोज उन्हाबरोबर पाणी येतं, हे ते शिकले होते.

"साहेब, ते पाण्याची वाट बघतायत."

"सिमेंट कुणाची वाट बघत नाही, मॅडम."

साहेबांनी गाडीकडे हात केला. पिंपाची घरघर वाढली. मेंढरं बावरून एका बाजूला सरकली. वृंदा काहीतरी विनवू लागली, तेवढ्यात साहेबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांच्या तळव्याखाली खांब फिरला होता. थांबत, चाचपडत, एकेक खांब स्वतःला आवळून घेत होता. ओल मोजणाऱ्या थोरल्याने मात्र अजून काहीच कळवलं नव्हतं. त्याने कळवायच्या आतच बाकीचे आवळत होते.

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," वृंदा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

साहेबांनी पुन्हा खांब हलवला. तो हलेना. त्यांनी हाताने गाडीला थांबायची खूण केली.

"उद्या सकाळी परत येतो. उद्या हे काय करतील?"

वृंदाने वाकून थोरल्याच्या बुडाची कोरडी माती चाचपली. मेंढरांपाशी उभ्या असलेल्या अनसाबाई रिकामा तांब्या घेऊन पुढे झाल्या आणि थोरल्याकडे बघत म्हणाल्या, "पानी मी थांबिवलं, बाय. पर वाट बघायची कवा थांबवायची, ह्ये त्येंला कोन सांगनार?"