संकेश्वरपर्यंतचं तिकीट

बेळगावच्या त्या दवाखान्यात त्रिशला आणि श्रेयस शेजारी बसले, कारण पंखा एकच होता. दोघांच्याही हातात थॅलेसेमियाच्या तपासणीचा रिपोर्ट. नर्सनं त्यांना नवरा-बायको समजून एकदमच आत पाठवलं.

डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं, "नात्यातलं लग्न?"

"नात्यातलं न्हाय," श्रेयस म्हणाला. "लग्नबी न्हाय."

"आम्ही एकमेकांना ओळखतही नाही," त्रिशला म्हणाली.

बाईंनी दोन्ही रिपोर्ट पाहिले. दोघंही वाहक. स्वतःला त्रास नाही, पण रक्तातून पुढं जाणारा दोष. "जोडीदाराची तपासणी करून मगच लग्न ठरवा. दोघांत दोष असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक." मग चष्म्यावरून बघत, "ओळखत नाही तेच बरं."

इथंच थांबायला हवं होतं. पण ती खासबागच्या शाळेत शिकवायची आणि शनिवारी निपाणीला घरी जायची. त्याची बँक बेळगावात, घर वाटेत, संकेश्वरला. बस एकच.

"ओळख नसताना जागा धरलीत?" पुढच्या शनिवारी बसमध्ये तिनं विचारलं.

"ओळखीच्यांना कोण धरतंय?"

त्रिशलाच्या ताईचं लग्न रीतीप्रमाणे आत्याच्या मुलाशी झालं होतं. पाहिलेलं घर, पाहिलेली माणसं. रक्त तेवढं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलीला, सौम्याला, आता दर तिसऱ्या आठवड्याला रक्त चढवतात. म्हणून त्रिशलानं घरात बजावलं होतं, मुलगा नात्याबाहेरचाच हवा. नात्याबाहेर एवढी दुनिया पसरलेली... आणि मनात भरला तो हा.

संकेश्वरच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आला की बाकीचे नाकाला रुमाल लावायचे. ती मात्र पुढचा प्रश्न घाईनं विचारून घ्यायची. संकेश्वर आलं. तो उतरायचा, आणि पुढं निपाणीपर्यंत शेजारची जागा रिकामी... तिथं ती पर्स ठेवायची. पर्स काही बोलायची नाही.

परवाच्या शनिवारी तो म्हणाला, "डॉक्टरबाईंकडं परत जाऊन आलो."

"काय म्हणाल्या?"

"लग्नाला बंदी न्हाय. दिवस गेल्यावर लवकर बाळाची तपासणी करता येती. पुढचं दोघांनी ठरवायचं."

"ठरवायचं..." ती हातांकडं बघत म्हणाली. "सौम्याची शीर सापडत नाही कधीकधी. दोन-तीनदा टोचतात. तिला मांडीवर घेऊन मी बसलेली असते, श्रेयस."

"म्हणून तर सांगतोय. मूल न्हाय झालं तरी मला चालतंय. तू नसलीस तर न्हाय चालत."

"घरी सांगितलंस हे?"

"सांगितलं. आई आठवडाभर बोलली न्हाय."

"मग?"

"काल बोलली. म्हणाली, त्या पोरीला आमटी तिखट चालती का, इचार."

तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. खिडकीतून तो वास आला.

"संकेश्वर," कंडक्टर म्हणाला. श्रेयस तिच्याकडं बघत बसून राहिला. "ओ, तिकीट हितपर्यंतच हाय तुमचं."

श्रेयस सावकाश उठला. पिशवी खांद्याला लावली.

कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. या बसमध्ये त्रिशलानं पैशासाठी पर्स कधी उघडलीच नव्हती. आता उघडली.

"ह्यांना एक निपाणी द्या," ती कंडक्टरला म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, हळूच, "लई तिखट न्हाय चालत म्हणावं आईंना."